आधी शेंगा, मग पेन्सिल

प्रश्न असा आहे: मुलगा सव्वाचार वर्षांचा, शाळेत लहान गटात. शाळेतून रोज एक पान लिहायला येतं. वही काढली की रडतो, पेन्सिल मुठीत धरतो. सोलापुरात दोन खोल्यांचं घर, सासूबाई दिवसभर घरी, धाकटी दीड वर्षाची, आणि आई दुपारी कामावरून येते. तीन हजारांचा एक ॲक्टिव्हिटी किट ऑनलाइन पाहिला आहे. तो घ्यावा का? नाहीतर घरच्या घरी हाताने करायचं असं काय द्यावं?

ताई, किट घेऊ नका. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं निवांत वाचाल.

मी सोलापूरच्या पूर्व भागात सव्वीस वर्षं बालवाडी चालवली. भिंतीला लागून यंत्रमागाचा कारखाना होता. खडखडाट इतका, की गोष्ट सांगताना ओरडावं लागायचं. निम्मी मुलं घरी तेलुगू बोलणारी, काही कन्नड, काही उर्दू. मराठी त्यांना वर्गात येऊन कळायची. अशा वर्गात तोंडाने शिकवणं फार चालत नाही. हाताने करायचं काहीतरी ठेवावंच लागतं, आणि ते मांडता मांडता मला एक गोष्ट कळली: लेकराला खोटं काम लगेच ओळखू येतं. कापसाचे गोळे चिमट्याने या वाटीतून त्या वाटीत टाकायला दिले तर ते दोन दिवस टाकतं. तिसऱ्या दिवशी विचारतं, "कशाला?" आपल्यापाशी उत्तर नसतं. शेंगा सोलायला दिल्या तर विचारत नाही. चटणी होणार, हे त्याला माहीत असतं.

किटमध्ये बहुतेक हे कापसाचे गोळेच असतात, रंगीत डब्यात घालून.

आता पेन्सिलीचं. मुलगा ती मुठीत धरतो म्हणून घाबरू नका, त्याच्या हाताचं काम अजून चालू आहे. मनगटात आठ छोटी हाडं असतात. जन्मतः ती कूर्चेची असतात आणि पुढे वर्षावर्षाने एकेक कडक होत जातं. बोटांच्या टोकांनी पेन्सिल पेलायची तर आधी खांदा, मग कोपर, मग मनगट स्थिर लागतं. ही ताकद वहीवर येत नाही. ती बादली उचलून, कणीक मळून, ओलं फडकं पिळून येते. चार वर्षांची कितीतरी मुलं अजून मुठीनेच धरतात आणि पाचव्या-सहाव्या वर्षात हळूहळू तीन बोटांवर येतात. तुमच्या मुलाला रडू येतं ते आळसाने नाही. हात दुखतो, आणि दुखतो म्हणून सांगायला शब्द नाहीत.

शाळेशी भांडू नका, पण बाईंना एकदा शांतपणे भेटा. 2020च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने 3 ते 8 वर्षांचा एकच पायाभूत टप्पा मानला आहे, आणि त्यावर 2022 मध्ये आलेल्या आराखड्यात 3 ते 6 वयाच्या मुलांसाठी पाठ्यपुस्तकं नकोत असंच म्हटलं आहे. हे कागदाचं बोलणं झालं, बाईंवर पालकांचाच दबाव असतो हे मला माहीत आहे. माझ्याकडेही दर जूनला चार बाप येऊन विचारायचे, "पोरगं एबीसीडी कधी लिहिणार?" तुम्ही एवढंच सांगा, "याचं पान रिकामं आलं तरी चालेल, रागावू नका." आमच्या वेळी एका पालकाने असं सांगितलं असतं तर मी त्यांना चहा पाजला असता.

शेंगांपासून सुरुवात करू. आपल्या गावात हे शिक्षणाचं साहित्य किलोने मिळतं.

कच्च्या शेंगा सुपात घ्या. मुलाला जमिनीवर बसवा, समोर दोन वाट्या ठेवा, एक दाण्यांना, एक टरफलांना. तुम्ही एक शेंग घ्या. अंगठा आणि पहिलं बोट शिवणीवर ठेवून हळू दाबा. तोंडाने काही सांगू नका. लेकरू एकतर तुमचं बोलणं ऐकतं, नाहीतर हात बघतं, दोन्ही एकदम होत नाही. शेंग फुटल्याचा 'टक्' आवाज त्याला ऐकू द्या. मग सूप त्याच्याकडे सरकवा आणि तुमचं काम करा. पहिल्या दिवशी तो दातांनी फोडेल, पायाखाली घेईल. घेऊ द्या. चार दिवसांत अंगठा शिवण शोधायला लागतो. पेन्सिलीला लागणारी चिमूट हीच, आणि इथे ती अर्ध्या तासात शंभरदा होते, न रडता.

दुसऱ्या आठवड्यात खेळ बदला. न सोललेली शेंग कानाशी हलवायची: आत किती दाणे असतील? आधी सांगायचं, मग फोडायची. एकदाणी, दोनदाणी, तीनदाणी, आणि पोकळ निघाली की हसायचं. अंदाज बांधणं, पडताळणं, चुकलं तर परत बघणं, सगळं विज्ञान यात आलं, आणि चूक दाखवायला बाई लागत नाहीत, शेंगच दाखवते.

मोजण्याबद्दल इथेच सांगते, कारण यात पालकांची मोठी फसगत होते. मूल वीसपर्यंत धडाधड म्हणतं म्हणून आपण खूश होतो. त्याला म्हणा, "मला पाच शेंगा दे." मूठभर देईल. पाठांतर म्हणजे मोजणं नव्हे. एका शेंगेला एकच आकडा, आणि शेवटचा म्हटलेला आकडा म्हणजे सगळ्या मिळून किती, हे कळायला वेळ लागतो. पाच शेंगा जवळजवळ आणि पाच लांब लांब अशा दोन ओळी मांडल्या तर या वयाची बहुतेक मुलं लांब ओळीत जास्त आहेत म्हणतात. झाँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाने हे दाखवून दिलं. समजावून ते बदलत नाही, वयाने बदलतं. तुम्ही रोज रात्री ताटं मांडायला सांगा. घरात पाच माणसं, प्रत्येकाला एक वाटी. एक कमी पडली की आजी "माझी कुठाय?" म्हणणारच. त्यापेक्षा चांगला गणिताचा मास्तर मला सापडला नाही. तेलुगू घरातली मुलं ओकटी, रेंडू, मूडू असं मोजायची. मी कधी थांबवलं नाही. मोजणं एकदा पक्कं बसलं की आकड्यांची नावं कुठल्याही भाषेत घालता येतात.

आता भाकरी. ही माझी सगळ्यात लाडकी, जरा सांभाळून घ्या.

सासूबाई जवारीचं पीठ भिजवतात तेव्हा वर उकळतं पाणी घालतात. ते काम त्यांचंच, मूल तेव्हा लांब. गोळा कोमट झाला की त्यातला लिंबाएवढा तुकडा त्याला द्या. शेजारी तेवढाच कणकेचा गोळाही ठेवा, आणि दोन्ही ओढून बघायला सांगा. कणीक ताणते, जवारी तुटते. गव्हात चिकटपणा धरणारं ग्लुटेन असतं, जवारीत नसतं. हे त्याला आज सांगायची गरज नाही. हाताला फरक कळला, शब्द मागून येईल. मग त्याला मळू द्या, तळहाताच्या टाचेने, परातीत. मग थापणं. कडा फाटतील. आजी पाण्याचा हात फिरवून कड कशी मिटवते ते तो बघेल आणि उद्या स्वतः पाण्यात बोट बुडवेल. फार पाणी झालं की गोळा चिकटतो, पीठ लावावं लागतं. जास्त-कमी, ओलं-कोरडं, आधी-मग, हे सगळे शब्द इथे खऱ्या अर्थाने येतात.

एकच अट. त्याची भाकरी, वाकडी, जाड, नकाशासारखी, तव्यावर भाजलीच पाहिजे आणि कुणीतरी चटणी लावून खाल्लीच पाहिजे. "छान झाली हं" म्हणून बाजूला ठेवलीत आणि नंतर गाईला घातलीत तर दुसऱ्या दिवशी तो परातीपाशी येणार नाही. खोटं काम ओळखतो म्हणाले ना.

पाण्याचे खेळ पुस्तकांत पानंपानं भरून असतात. नळाला रोज पाणी न येणाऱ्या गावात बादलीभर पाणी सांडायला देणं मला कधी पटलं नाही. अर्धा तांब्या पुरतो. रुमाल बुडवायचा, दोन्ही हातांनी उलट-सुलट पिळायचा, कट्टा पुसायचा, उरलेलं पाणी तुळशीला. ओतण्याची सवय पाण्याऐवजी जवारीच्या दाण्यांनी करा, सांडले तर वेचणं हेही कामच. आणि धाकटीमुळे सांगते, बादलीत चार बोटं पाणी असलं तरी ती ओणवी पडू शकते. काम झालं की बादली पालथी.

टॉवेल आणि चादरी तर आपल्या घरात असणारच. नॅपकिनच्या मधोमध शिवणीने एक रंगीत दोरा घालून ठेवा आणि त्या रेषेवर दुमडायला शिकवा. अर्धा, मग परत अर्धा. चादरीची घडी दोघांनी घालायची: आजी दोन कोपरे धरेल, हा दोन. कोपऱ्याला कोपरा लावताना चादरीवरचं फूल फुलावर बसतं का, ते बघायला सांगा. सोलापुरी चादर उलगडून जमिनीवर टाकली की तिच्या किनारीतले पट्टे बोटाने मोजत मुलं तासभर रमतात. दोन लाल, एक पांढरा, दोन लाल, पुढे काय? हा क्रम ओळखणं पुढे वाचनालाही लागतं आणि गणितालाही.

विणकामाचं मी जरा उशिरा सुरू केलं. पुठ्ठ्याच्या दोन्ही कडांना सात-सात खाचा पाडायच्या, ताण देऊन सुती दोरा गुंडाळायचा, आणि जुन्या साडीच्या दोन बोटं रुंद चिंध्या वरून-खालून ओवायच्या. सव्वाचारला नीट जमणार नाही, वरून-वरून जाईल. जाऊ द्या, उसवून परत ओवता येतं. एक पोरगा माझ्याकडे आला होता, सहा महिने मराठीतला एक शब्द बोलला नव्हता. पुठ्ठ्याचा माग हातात दिला तर त्याने दोरे बोटाने छेडले, नकारार्थी मान हलवली, माझ्याकडून ओढून घेतला आणि पुन्हा घट्ट गुंडाळला. मी ताणा, म्हणजे उभे दोरे, ढिला बांधला होता. घरी वडील मागावर, त्याला ते कळणारच. मग बाणा, म्हणजे आडव्या चिंध्या, भरताना तेलुगूत मला काहीबाही समजावत बसला. मी मान डोलावली. तो मुका आहे की काय अशी चिंता मी आधी करत होते, त्याची आजही लाज वाटते.

कात्री म्हणाल तर बोथट टोकाची, पण खरी कापणारी घ्या. न कापणारी प्लास्टिकची देऊन मुलाचा अपमान करू नका. पहिल्यांदा कागदाच्या बारीक पट्ट्या करून द्या, एका चापात तुकडा पडेल अशा.

लिहिण्याची तयारी करायचीच असेल तर फरशीवर खडूचा तुकडा द्या. अख्खा खडू नको, बोटाच्या पेराएवढा. तुकडा इतका छोटा असला की मुठीत धरताच येत नाही, चिमूट आपोआप होते. भिंतीवर पाण्यात बुडवलेल्या ब्रशने रेघा मारू द्या. सोलापूरच्या उन्हात त्या बघता बघता वाळतात आणि पुन्हा मारायला जागा होते. उभ्या पृष्ठभागावर हात उचलून काम केलं की खांदा तयार होतो. अक्षरं गिरवून घेऊ नका. ती वेळ आली की सोप्या वळणाची ग, म, भ, न आधी, हे आपल्याकडे जुनंच आहे.

अक्षराआधी कान तयार व्हावा लागतो. टाळ्यांनी शब्द तोडा: शें-गा, दोन टाळ्या. ज-वा-री, तीन. 'सोलापूर'ला मूल तीनच टाळ्या वाजवेल, सो-ला-पूर. तुम्ही लिहिता येणाऱ्या माणसाच्या सवयीने चार वाजवाल, कारण तुम्हाला 'र' वेगळा दिसतो. त्याला दुरुस्त करू नका, कानाने तो बरोबर आहे. मग "स्वयंपाकघरात 'क'ने सुरू होणारं काय काय?" कांदा, कढई, कात्री, कुकर. स्वयंपाक करता करता होणारा हा खेळ, वेगळा वेळ काढावा लागत नाही.

जानेवारीत गड्डा यात्रेला त्याला न्याल. सिद्धेश्वराच्या नंदीध्वजांच्या त्या उंच काठ्या बघून आलेली मुलं दुसऱ्या दिवशी वर्गात झाडू, पट्टी, जे मिळेल ते पोटाशी धरून चालायची. एका वर्षी वर्तमानपत्रांच्या घट्ट सुरळ्या करून सात काठ्या केल्या. पहिल्या मानाची कुठली, दुसऱ्या मानाची कुठली, यावरून मुलांत जे भांडण लागलं! पहिला, दुसरा, तिसरा हे क्रमवाचक शब्द मी महिनाभर शिकवत होते, ते त्या दिवशी पक्के बसले. म्हणून सांगते, त्याने काय पाहिलं आहे ते लक्षात ठेवा, खेळ तिथून काढा.

आता धोक्याचं. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी मी डाळी वेगळ्या करायचा खेळ मांडला होता. तीन वर्षांच्या एकीने हरभरा नाकात घातला. ओलाव्याने तो फुगला, शिंकरून निघेना, रिक्षा करून दवाखान्यात पळालो. चूक माझीच होती, मी पाठ करून फळ्यावर काहीतरी काढत होते. तुमच्या घरी दीड वर्षाची आहे. शेंगदाणा, हरभरा, चिंचोका, मणी, घड्याळाचा गोल सेल यांतलं काहीही ती जमिनीवर असताना काढायचं नाही. अख्खे दाणे तिला खायलाही देऊ नका, श्वासनलिकेत जातात. मोठ्यालाही तोंडात दाणे घेऊन पळू देऊ नका. आणि घरी किंवा शेजारी विड्या वळत असतील तर मूल तंबाखूच्या सुपाशी नको. माझ्या वर्गातल्या मुलींना आईसारखी बोटं चालवायची फार हौस. मी त्यांना वहीच्या कागदाच्या सुरळ्या करून दोरा बांधायला द्यायचे. बोटं तीच, विष नाही.

डाव्या हाताने काम करत असेल तर करू द्या. सासूबाईंना जेवणापुरता उजवा हात हवा असेल तर ती तडजोड घरात करा, पण खडू आणि कात्री ज्या हातात तो घेईल त्याच हातात.

सासूबाईंचा प्रश्न तुम्ही लिहिला नाही, पण तो आहेच. दिवसभर त्या घरी, तुम्ही दुपारनंतर. आजींना "ॲक्टिव्हिटी घ्या" म्हणालात तर बिचकतील किंवा चिडतील. "याला तुमच्यासोबत शेंगा सोलायला बसवा" म्हणा. त्यांचं काम तेच, फक्त दुप्पट वेळ लागेल. अडचण वेळेची नसतेच, हाताची असते. मूल शेंगेशी झटत असतं आणि आपला हात आपोआप पुढे जातो, "दे, मी करते." मी वर्गात पदराच्या टोकाला गाठ मारून ती धरून बसायचे, हात जाऊ नये म्हणून. तुम्हीही फोन बाजूला ठेवा. फोटोसाठी "इकडे बघ" म्हटलं की काम संपलं, नंतर तो शेंगेकडे बघत नाही, तुमच्याकडे बघतो. दहा-पंधरा मिनिटांत उठला तर उठू द्या. तेच काम सलग आठ दिवस मागितलं तर आठ दिवस द्या, "आता नवीन काहीतरी" ही घाई आपली असते.

मॉन्टेसरीची महागडी साधनं नसली तर काही अडतं का, असं पुष्कळ जण विचारतात. 1907 मध्ये मारिया मॉन्टेसरींनी रोममध्ये पहिलं बालगृह उघडलं ते गरीब वस्तीत. त्यांच्या गुलाबी मनोऱ्यात दहा ठोकळे असतात, सगळ्यात छोटा 1 सेंटिमीटरचा, सगळ्यात मोठा 10 सेंटिमीटरचा, सगळ्यांचा रंग एक, म्हणजे लक्ष फक्त आकारमानावर जातं. एका वेळी एकच फरक, ही खरी युक्ती. तुमच्याकडे एकात एक बसणारे स्टीलचे डबे आहेत ना? झाकणं वेगळी करून द्या. आपल्याकडे बालशिक्षण रुजवणाऱ्या ताराबाई मोडकांनी 1945 साली बोर्डीला आणि पुढे अनुताई वाघांसोबत कोसबाडला हेच केलं. परदेशी साधनं परवडेनात, तर बिया, खडे, पानं, माती वापरली. गावातल्या अंगणात भरणारी बालवाडी तिथेच रुजली. महाराष्ट्रातल्या बाईला हे बाहेरून शिकावं लागू नये.

पैसे खर्च करायचेच असतील तर चांगली कात्री, जाड मेणखडू आणि एक भिंग घ्या. उरलेल्यात पुढच्या महिन्याच्या शेंगा येतील.

सगळं एकदम सुरू करू नका. उद्या पावशेर शेंगा आणा, धाकटी झोपली की सूप काढा. कच्च्याच आणा. भाजलेल्या आणल्यात तर सोलायच्या आधीच संपतात, आणि त्यात मुलापेक्षा आजीचा हात जास्त असतो.